तिरळा, चकणा आणि 'आळशी डोळा'

प्रश्न : साडेचार वर्षांच्या भाचीला डॉक्टरांनी 'लेझी आय' सांगितलाय. घरात लगेच 'आळशी डोळा' सुरू झालं. आजी 'तिरळी' म्हणते, शेजारी 'चकणी'. हे सगळं एकच का?

उत्तर : तिरळा, चकणा, हेकणा हे बोलीत जवळपास एकाच अर्थाचे, पण 'चकणा' चिडवायलाच वापरतात, पोरीसमोर नकोच. 'काणा' वेगळा : एका डोळ्याने न दिसणारा. 'काणाडोळा करणे' मात्र मुद्दाम दुर्लक्ष करणे. 'वक्रदृष्टी' शनीची, ती इथे आणू नये.

दुसरं उत्तर : मी डोळे तपासण्याचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर. तिरळेपणा समोरच्याला दिसतो, 'आळशी डोळा' दिसत नाही. डोळे दोन दिशांना बघत असले की मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं जातात. लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक दाबून टाकतो, म्हणून 'एकाचे दोन दिसतात' अशी तक्रार मूल सहसा करतच नाही. दाबलेल्या डोळ्याची नजर वाढायची राहते. डोळे अगदी सरळ असून फक्त एकाचा नंबर खूप जास्त असला, तरीही हेच होतं. यात डोळ्याचा आळस कुठे आला?

हा शब्द नुसता चुकीचा नाही, त्याने नुकसान होताना मी पाहिलंय. यावर उपचार म्हणून डोळा झाकणारी पट्टी चांगल्या डोळ्याला लावायची असते, म्हणजे मागे पडलेल्याला काम करावं लागतं. एका घरात आजोबा महिनाभर नेमाने पट्टी लावत होते, पण कमजोर डोळ्यालाच. का, तर "आळशी डोळ्याची पट्टी" असं ऐकलं होतं. महिना वाया गेला, आणि या वयात महिना मोठा असतो. छापील मजकुरात 'आळशी डोळ्या'ऐवजी 'मंददृष्टी' असतं. मी आईबाबांशी बोलताना 'मागे पडलेला डोळा' म्हणते.

'तिरळेपणा लकी असतो' हेही सोडा. जन्मानंतर पहिल्या तीनचार महिन्यांत डोळा अधूनमधून फिरला तर चालतं, तिरळेपणा पुढे टिकला तर दाखवायचाच. फोटोत बुबुळ पांढरं चमकलं तर लगेच. कधी नुसत्या चष्म्याने डोळा सरळ होतो. ऑपरेशनने डोळा सरळ होतो, पण मागे पडलेली नजर त्याने येत नाही, त्यासाठी चष्मा आणि पट्टीच. मध्यम मंददृष्टीत दिवसाला दोन तासही पुरतात. मूल पट्टी ओढणार, रडणार, कारण त्याचं दिसणंच आपण झाकलेलं असतं. त्याला वर 'आळशी' कशाला म्हणायचं?

दुसरा प्रश्न : मोठ्यांना एकाचे दोन दिसतात ते?

उत्तर : ते वेगळं. मोठेपणी डोळा फिरला तर मेंदू सहसा एक चित्र दाबू शकत नाही. एकाएकी सुरू झालं, विशेषतः मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्नकर्ती : बहिणीला विचारलं. पट्टी उजव्यालाच आहे, चांगल्या डोळ्याला. डब्यावर मोठ्या अक्षरात 'उजवा' लिहून ठेवलंय.