मदत हवी आहे: स्पर्धा वाढली की धंदे नवं तंत्रज्ञान घेतात, की हात आखडतात?

नमस्कार मंडळी,

एम. ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी हा विषय घेतला आणि एकाच जागी अडकून पडले आहे. शेजारच्याने नवं यंत्र आणलं की आपल्यालाही आणावंच लागतं, इतकं सरळ असेल असं वाटलं होतं.

अर्थतज्ज्ञ शुंपीटर १९४२ साली सांगून गेले की नव्यात पैसा घालायला गाठीशी नफा लागतो. तो गळेकापू स्पर्धेत उरतो कुठे? उलट दुसरे अर्थतज्ज्ञ अॅरो (१९६२) म्हणतात, ज्याचं बस्तान बसलंय त्याची जुनी कमाईच नवं तंत्र खाऊन टाकतं, मग तो घाई का करेल? कोडॅकचंच बघा. १९७५ मध्ये त्यांच्याच अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवला. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. पण कॅमेऱ्याच्या फिल्मचा धंदा जोरात होता, म्हणून घाई केली नाही. २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

मला खरं हादरवलं ते लोहखनिजाच्या खाणींनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलचा स्वस्त माल अमेरिकेच्या ग्रेट लेक्स भागातल्या खाणींना भिडला आणि काही वर्षांतच तिथली उत्पादकता जवळपास दुप्पट झाली. मी आनंदाने ‘स्पर्धेमुळे तंत्रज्ञान आलं’ असं लिहूनही टाकलं. नीट वाचल्यावर कळलं की मोठा वाटा यंत्रांचा नव्हताच, कामाचे नियम बदलले होते. यंत्र चालवणाराच आता त्याची दुरुस्तीही करू लागला होता. ते पान फाडावं लागलं.

आता अडचण अशी. नवं तंत्र घेणारा पुढे जातो, बाकीचे गळतात, आणि आकडेवारीत ‘कमी स्पर्धा, जास्त तंत्रज्ञान’ असं दिसतं. कारण कुठलं नि परिणाम कुठला, हे वेगळं कसं करायचं? युरोपच्या अभ्यासकांनी चीनच्या कापडावरचा आयात कोटा (किती माल आणता येईल यावरची मर्यादा) उठल्याचा उपयोग करून घेतला, कारण तो धक्का बाहेरून आला होता, कंपन्यांच्या स्वतःच्या निर्णयांतून नव्हे. माझ्याकडे असा धक्का नाही, फक्त कंपन्यांची वार्षिक आकडेवारी आहे. त्यातून काही वाट निघेल का?

आणि जे स्वतः धंद्यात आहेत त्यांना कळकळीची विनंती: शेवटचं मोठं यंत्र किंवा सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, त्या बैठकीत आधी कशाचा विषय निघाला? प्रतिस्पर्ध्याचा, गिऱ्हाइकाच्या मागणीचा, की खात्यात उरलेल्या पैशांचा? आणि घ्यायचं नाही असं ठरलं असेल, तर तेही जरूर लिहा. नकाराची नोंद मला कुठल्याच आकडेवारीत सापडत नाहीये.