प्रौढांना मराठी शिकवताना उच्चारांवर पहिल्यापासून भर द्यावा का?

ओसरी (धागाकर्ती)

नोकरीनिमित्त पुण्यात आलेल्या प्रौढांना मी सहा वर्षे मराठी शिकवत आहे आणि उच्चार पहिल्या आठवड्यापासूनच शिकवावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘आधी बोलू तर द्या, उच्चार मागाहून सुधारतील’ असे सांगितले जाते. पण तोवर चुकीचा उच्चार जिभेच्या वळणी पडलेला असतो. हिंदीभाषक विद्यार्थी ‘मला वेळ नाही’ऐवजी ‘मला वेल नाही’ म्हणतो, तेव्हा प्रमाण हिंदीत ळ हा वेगळा ध्वनी नसल्यामुळे त्याला स्वतःची चूक ऐकूच येत नाही. म्हणून आठवडाभर मी नुसते ऐकायला लावते: काल की काळ, माल की माळ, मन की मण; इथे ध्वनी बदलला की अर्थच बदलतो. कान तयार झाला की जिभेकडे वळायचे. ‘घोड़ा’ म्हणताना हिंदीभाषकाची जीभ आपसूक मागे वळते. ती तशीच वळवून टाळूला टेकवायची आणि आवाज जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायचा. बहुतेकांना दोन-तीन तासिकांत ळ सापडतो.

वऱ्हाडी पाहुणा

असहमत. माझ्या आजोळी ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणणारी माणसे जन्मभर मराठीच बोलली, त्यांना कोणी उच्चारांच्या वर्गात बसवले नाही. ‘मला वेल नाही’ हे ऐकून कोणी बागेत वेल शोधायला जात नाही. कॅनडातील मन्रो आणि डर्विंग या अभ्यासकांनी १९९५ साली चिनी भाषकांचे इंग्रजी स्थानिक श्रोत्यांना ऐकवले, तेव्हा ज्यांची परकी धाटणी ठळक जाणवली त्यांचे बोलणेही श्रोत्यांना पुष्कळदा पूर्ण समजले होते. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याला एकाच बैठकीत तीनदा ‘पानी नव्हे, पाणी’ असे सुनावले गेले; त्यानंतर तो मराठीत एक वाक्यही बोललेला नाही.

ओसरी

चारचौघांत टोकणे हा उद्धटपणा झाला, त्याला उच्चारशिक्षण म्हणू नये. राहिली ‘डोया’ची गोष्ट. तिथे ळचा य होतो, ल होत नाही. म्हणजे ल आणि ळ यांतला भेद वऱ्हाडीत टिकतो, फक्त रूप बदलतो. माझ्या विद्यार्थ्याकडे मुळात तो भेदच नसतो.

फिल्टरकापी

मी शिकणाऱ्यांपैकी, मूळचा चेन्नईचा. तमिळमध्ये ळ असल्यामुळे तो मला फुकट मिळाला. छळले ते महाप्राणांनी, म्हणजे ख, घ, भ अशा हकार मिसळलेल्या ध्वनींनी; माझा ‘भात’ वर्षभर ‘बात’च राहिला. खरी तक्रार मात्र च आणि ज यांच्याबद्दल आहे. ‘जगात जगायचे’ या दोन शब्दांतले ज निरनिराळे आहेत, पहिला ‘जल’मधला आणि दुसरा ‘जाळे’मधला, हे मला दोन वर्षे कोणी सांगितले नाही, कारण लिपीत दोघांना अक्षर एकच आहे. मराठी मित्रांना विचारले तर ‘छे, ज एकच आहे’ असे म्हणून ते स्वतः दोन्ही उच्चार बिनचूक करीत! ‘त्याचा’ म्हणताना जिभेचे टोक दातांमागे लागते आणि ‘त्याची’ म्हणताना जीभ टाळूकडे सरकते, इ-ई-ए यांच्याआधी च तालव्यच होतो, एवढे पहिल्याच महिन्यात कळले असते तर पुष्कळ श्रम वाचले असते. ‘चोर’ आणि ‘चार’ मात्र पाठच करावे लागतात. आमच्या शिक्षकांनी पुढे दंतमूलीय (‘त्याचा’सारख्या, दातांमागच्या) च-जच्या अक्षराखाली टिंब द्यायला सुरुवात केली, त्याचा फार उपयोग झाला.

वऱ्हाडी पाहुणा

समजावून सांगायला माझी हरकत नाही; हरकत आहे ती त्यावर गुण कापण्याला आणि पुढचा धडा अडवून धरण्याला. शिवाय ओसरीताई, अर्थ बदलतो म्हणून उच्चार शिकवायचा, ही आपलीच कसोटी लावली तर च आधी गळतो. ‘चोर’ला हिंदी वळणाचा च लावला म्हणून चोर सुटत नाही.

ओसरी

चबद्दलचा आपला मुद्दा मान्य. जगात-जगायचे यासारख्या जोड्या मोजक्याच आहेत आणि वाक्यात त्यांचा उलगडा होतो. पुढच्या तुकडीला टिंबे पहिल्या दिवसापासून दाखवीन, पण च-जचा सराव तिसऱ्या महिन्यात नेऊन पाहीन. ळ मात्र पहिल्या आठवड्यातच राहील, आणि गुण मी तेव्हाही कापत नव्हते.