मागचे पाय वर आले पाहिजेत
पाण्याला बिचकणाऱ्या कुत्र्याला पोहायला कसे शिकवावे, या प्रश्नावर दोन सूचना आल्या आहेत. कुत्र्याला पोहणे उपजतच येते, तेव्हा एकदा खोल पाण्यात सोडले की भीती आपोआप जाते, हे पहिले मत मला पटत नाही. पाय मारणे उपजत असले तरी तरंगणे शरीराच्या ठेवणीवर अवलंबून असते. बुलडॉग किंवा पगसारख्या आखूड पायांच्या, चपट्या नाकाच्या जातींना तर पाण्यावर राहणेच अवघड जाते. उथळ पाण्यापासून सुरुवात करावी, ही दुसरी सूचना मात्र योग्य आहे.

तिला एक जोड द्यावीशी वाटते. बिचकणारा कुत्रा मान उंच ताणतो, त्यामुळे त्याचा मागचा भाग खाली जातो आणि पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन नुसतेच फटफट आपटत राहतात. एवढी धडपड करूनही तो जागचा हलत नाही आणि त्यामुळे अधिकच घाबरतो. अशा वेळी पाठीवर मूठ असलेले लाइफ जॅकेट घालून, पोटाखाली मांड्यांजवळ तळहाताचा हलका आधार दिला की पाठ आडवी होते, मागचे पाय चालू लागतात आणि पंजे पाण्याखाली जाऊन आवाज थांबतो. (आवाज थांबला, की त्याला जमू लागले असे खुशाल समजावे.) दोरी लावायची असल्यास ती जॅकेटच्या कडीला लावावी, गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे. पाण्याबाहेर पडण्याची जागा आधीच दाखवून, तिथून स्वतःहून चढून येण्याचा सरावही करून घ्यावा. पुढे तो चेंडूमागे वारंवार पाण्यात जाऊ लागला, की मध्ये विश्रांती द्यावी, कारण तोंड उघडे ठेवून पोहताना पाणी फार गिळले गेल्यास रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते.