नॅट स्वस्त होतं, म्हणजे नेमकं कुठे वाचवलं?

रडारवाला:
भारतीय हवाई दलाच्या नॅट या ब्रिटिश आराखड्याच्या लढाऊ विमानाबद्दल सगळीकडे 'छोटं, स्वस्त' एवढंच लिहिलेलं सापडतं. बचत नेमकी कशात झाली? आणि पुढे एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्सने) त्यावरून सुधारित अजीत बनवलं, त्यात कुठल्या खोड्या सुटल्या?

तिरका_पंख:
बचत वजनात. डिझायनर टेडी पेटरचा आग्रहच तो होता: विमान हलकं ठेवा, मग छोटं इंजिन पुरतं, इंधनही कमी लागतं. रिकाम्या नॅटचं वजन सुमारे २,२०० किलो, त्याच काळातल्या हंटर या लढाऊ विमानाचं ६,००० किलोंच्या वर. पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर. तरीही ३० मिमीच्या दोन एडन तोफा बसवल्याच. एकाच भागाकडून दोन कामं करून घेणं तर फार सुंदर: चाकं अर्धवट खाली सोडली की त्यांची दारंच एअरब्रेक (हवेत वेग कमी करणारे अडथळे) होतात.

१९५५ मध्ये पहिलं उड्डाण, १९५६ मध्ये भारताशी परवान्याचा करार. ब्रिटनने मात्र लढाऊ नॅट घेतलंच नाही, दोन आसनी प्रशिक्षण विमान तेवढं घेतलं.

हायड्रॉलिक:
किंमत मोजावी लागली ती शेपटीत. आडवी शेपटी अख्खी हलते, हायड्रॉलिक म्हणजे द्रवाच्या दाबावर. दाब गेला की ती आहे त्या कोनात थांबते. अशा वेळी ब्रिटिश प्रशिक्षण नॅटवरचा क्रम असा: आधी वेग कमी, मग शेपटी ट्रिम करून (कोन जुळवून) ठरलेल्या पट्ट्यात आणायची, एलेव्हेटरचं (शेपटीच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाचं) कुलूप काढायचं, हायड्रॉलिक पुरवठा बंद करायचा, दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमधला उरलेला दाब संपवायचा. त्यानंतर हाताने एलेव्हेटर आणि विजेवरचा राखीव ट्रिम. क्रम बदलून चालत नाही. शेपटी भलत्या कोनात अडकली, तर छोट्या एलेव्हेटरला ती सावरता येत नाही.

दुसरी तक्रार तोफा अडकण्याची. १९६५ च्या लढाईत ती ऐन वेळी नडली.

तिरका_पंख:
अजीतचं राहिलं. इंधन पंखांतच भरायची सोय केली, त्यामुळे बाहेरच्या टाक्यांनी अडवलेल्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या. शेपटीचं नियंत्रण सुधारलं, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन मार्टिन-बेकर कंपनीचं आलं. हवाई दलात ते १९९१ पर्यंत होतं.

पण नॅटचा छोटेपणा हे खरं शस्त्र होतं, हे विसरू नका. २२ नोव्हेंबर १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बोयऱ्यावर २२ स्क्वाड्रनच्या चार नॅटनी पाकिस्तानची दोन सेबर लढाऊ विमानं पाडली. एवढंसं विमान, तेही जवळजवळ धूर न सोडणारं, समोरच्याला दिसतं ते फार उशिरा.