मदत हवी आहे: डिझेल इंजिन ठोकतंय, पंपाखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) किती घालू?
मंडळी, विहिरीवर ५ एचपीचं एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे, १५०० आरपीएमचं. फ्युएल पंपाचा एलिमेंट (आतला दट्ट्या आणि त्याची नळी) बदलल्यापासून ठण्‌ठण् ठोकतंय. पंपाखालच्या दोन शिमांपैकी एक मिस्त्रीने हरवली (आता म्हणतो, एकच होती!). शिम कमी झाली की पंप कॅमजवळ (पंपाला ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याजवळ) येतो आणि डिझेल लवकर फवारलं जातं, एवढं कळतं. प्रेशर पाइप काढून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं. डिझेल वर चढायला लागतं ती खूण टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १०५ मिमी आधी येते. चाकाचा घेर १२६० मिमी, म्हणजे ३० अंश झाले. किती अंश हवेत तो इंजिनाच्या प्लेटवरचा आकडा गंजाने खाल्लाय. २५ अंशांवर आणू का? त्यासाठी किती जाडीची शिम लागेल? की आधी नोझलचा फवारा तपासू?