मदत हवी आहे: जुना एचएमटी ३५२२ ट्रॅक्टर घ्यावा का?

भांडुपकर

मंडळी, राहायला भांडुपला, शेती जुन्नर तालुक्यात. साडेचार एकर, त्यातली दोन विहिरीखालची, बाकी जिरायत. कांदा, सोयाबीन, घरापुरती बाजरी. आजवर सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललं, पण वाफसा (मशागतीजोगी ओल) असतो तेव्हा तो मिळत नाही आणि मिळतो तेव्हा वाफसा गेलेला असतो. शेती चुलतभाऊ बघतो, मी महिन्यातला एखादा शनिवार-रविवार जातो. म्हणजे चालवणार तो, पैसे घालणार मी.

संगमनेरच्या बाजूला एक एचएमटी ३५२२ विकायला आहे. १९९८ चं मॉडेल, ३५ एचपी. मालक एक लाख चाळीस सांगतोय, मध्यस्थ म्हणतो एक तीसला तुटेल. सोबत दोन फाळी नांगर. रंग नवाकोरा मारलाय, मागचे टायर निम्मे शिल्लक.

अडचण एकच, कंपनी आता ट्रॅक्टरच बनवत नाही. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना केंद्र सरकारने २०१६ मध्ये बंद करायचं ठरवलं. भाऊ म्हणतो, "दादा, असलं लोखंड आता मिळायचं नाही." काका म्हणतात, एका गिअरपायी हंगाम घालवशील. नव्या ट्रॅक्टरचे हप्ते साडेचार एकरातून निघत नाहीत, हा हिशेब मी करून चुकलोय, त्यामुळे "नवा घ्या" सोडून काहीही सांगा. पार्ट मिळतात का, बघायला गेलो तर काय तपासू, आणि हा भाव ठीक आहे का?

नागभीडचा

शीर्षकात एचएमटी वाचून दादाजी खोब्रागड्यांच्या एचएमटी तांदळाचा धागा समजून आलो. त्या तांदळाला नाव घड्याळावरून मिळालं. घड्याळाची कंपनी बंद, ट्रॅक्टर बंद, तांदूळ तेवढा चालू आहे. चालू द्या.

डिझेलभक्त

नव्या रंगाचा ट्रॅक्टर दिसला की मी आधी वाकून खाली बघतो. रंगाखाली गळती झाकली जाते. अर्धा तास चालवायला लावा आणि मग इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर, पुढच्या-मागच्या ऑइल सीलपाशी बोट फिरवा. जे लपवलंय ते बोटाला लागेल.

जायचं सकाळी लवकर, मध्यस्थाला वेळ न सांगता. पोचल्यावर पहिलं काम, बॉनेट उघडून इंजिनाला तळहात लावणे. कोमट असेल तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलाय. चहा घेऊन या, पूर्ण थंड होऊ द्या, मग स्टार्ट करायला सांगा. खरी परीक्षा थंड इंजिनाची असते. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ दिसली तर हरकत नाही, पण आतून ठोक्याठोक्याला धूर फेकत असेल तर लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) आणि पिस्टन गेलेत असं धरा. सायलेन्सरातून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोडवर काळा येत असेल तर पंप-नोझलचं काम, ते त्या मानाने किरकोळ.

एचएमटीचा पाया चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरचा, १९७१ पासून पिंजोरला त्याच तंत्रावर ट्रॅक्टर बनले. ही वेट लायनरची इंजिनं, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या की पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइल ताकासारखं दिसलं तर तिथूनच माघारी फिरा. गिअरबॉक्सचं ऑइलही बघा, गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असलं की पावसाचं पाणी आत जातं. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढा आणि इंजिन चालू ठेवून बघा, बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलं समजा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिफ्ट. नांगर वर उचलून इंजिन बंद करा आणि गप्पा मारत बसा. पंधरा मिनिटांत फाळ जमिनीला टेकला तर हायड्रोलिकचं काम निघणार. कारखाना बंद असताना हेच काम महागात जातं.

मुलुंडचे नाना

मुंबईत राहून पिंजोरचा ट्रॅक्टर? आमच्या कांदिवलीला महिंद्रा १९६३ पासून ट्रॅक्टरच्या धंद्यात आहे, तो जुना बी-२७५ बघा की. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात. अर्थात त्यामुळेच जुन्याचाही भाव चढा असतो, ते आहेच.

काळी_माती

बंद आणि बंद यात फरक आहे. फोर्ड ३६०० पण बंदच म्हणायचा, पण त्याला फार्मट्रॅक ६० चे पुष्कळ पार्ट लागू होतात, म्हणून लोक आजही शोधून घेतात. फोर्सने २०२४ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यातून अंग काढलं, म्हणजे काल घेतलेलाही आज बंद ब्रँडचा होऊ शकतो. तेव्हा कंपनी आहे की नाही यापेक्षा तुमच्या शिवाराजवळ एचएमटी खोललेला मिस्त्री आहे की नाही, हे आधी बघा.

पार्टचं म्हणाल तर बेअरिंग आणि ऑइल सीलवर नंबर असतो, ट्रॅक्टर कुठलाही असो. तुम्ही मुंबईत आहात, जुना काढलेला पीस खिशात टाकून नागदेवी स्ट्रीटला जा, साइझवर मिळेल. सेल्फ, डायनामो कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन करतो. डिझेल पंप पंपवाल्याकडे. लायनर-पिस्टनचे किट बाहेरच्या कंपन्या बनवतात, लुधियाना-राजकोटचा माल येतो, फिनिशिंग डोळे उघडे ठेवून बघायचं. खरी पंचाईत गिअर, पीटीओ शाफ्ट (मागचं अवजार फिरवणारा दांडा) आणि हायड्रोलिक कंट्रोलची. ते भंगारात निघालेल्या दुसऱ्या एचएमटीतूनच काढावे लागतात. म्हणून भावाला आठवडी बाजाराच्या दिवशी नुसतं उभं राहायला सांगा. किती एचएमटी येतात ते मोजा. एकही आला नाही तर काकांचं ऐका.

रोटाव्हेटर लावायचा विचार असेल तर पाच फुटी ३५ एचपीला जड जाईल, त्यातून इंजिन २५ वर्षांच्या पुढचं. चार फुटीच्या पुढे जाऊ नका.

सातबारा

सगळे इंजिनात घुसलेत. आरसी कोणाच्या नावावर आहे?

भांडुपकर

मालकाच्या वडिलांच्या. ते वारले, चारेक वर्षं झाली असावीत. मध्यस्थ म्हणतो आमच्याकडे असंच चालतं, स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ.

सातबारा

वाटलंच. स्टॅम्प पेपरवर ट्रॅक्टर नावावर होत नाही. मालक वारला की वारसाने फॉर्म ३१ भरून आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायचा, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लावून. मग तो विकणारा, तुम्ही घेणारे आणि फॉर्म २९-३० तुमच्यासाठी. बहिणी आहेत का विचारा. नंतर कुणी हक्क सांगत आलं तर ट्रॅक्टर तुमच्या दारातून जाईल.

१९९८ चा म्हणजे पहिली नोंदणी पंधरा वर्षांनी, २०१३ ला संपली. त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. झालंय का, ते नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर दिसेल. झालं नसेल तर तो खर्च आणि दंड मालकाचा, भावातून वजा करा. नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल, १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे.

कर्जाचं बघा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५. आणि हे बरेच जण विसरतात: मालकाचा सातबारा काढून इतर हक्कात ट्रॅक्टरचा बोजा आहे का ते वाचा. ऑनलाइन निघतो, भांडुपला बसून काढा. चॅसी नंबर आरसीशी जुळवताना रंग खरवडावा लागला तर खरवडा, तोंड वाकडं करेल, करू दे.

डिझेलभक्त

+१. भावाबद्दल: कागद स्वच्छ, लिफ्ट टिकली आणि ऑइलच्या झाकणातून धूर नसेल तर एक वीसला बोलणी सुरू करा. इंजिन काम निघणार असेल तर नव्वदच्या वर मी देणार नाही. भावात नांगर धरू नका, तो तसाही अंगणात पडून असतो.

भांडुपकर

सगळ्यांचे आभार. ॲपवर बघितलं, नोंदणी २०१८ नंतर वाढवलेली नाही. मालकाशी थेट फोनवर बोललो, दोन बहिणी आहेत. त्याला सांगितलं, आधी ट्रॅक्टर तुझ्या नावावर होऊ दे, तोवर इसारही देणार नाही. थोडा घुम्यासारखा झाला, पण नाही म्हणाला नाही. भाऊ येत्या बाजाराला उभा राहणार आहे, काकाही बरोबर जातो म्हणाले, बहुधा आकडा कमी मोजायला.

आता एकच. नारायणगाव, आळेफाटा किंवा ओतूर भागात एचएमटीची लिफ्ट खोलणारा मिस्त्री कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तपासणीला त्यालाच संगमनेरला घेऊन जाईन, त्याची दिवसाची मजुरी आणि जेवण माझ्याकडे.