मदत हवी आहे : जुलै २०२१ची अलास्का क्रूझ – उर्वरित रक्कम भरावी की थांबावे?

सिएटलहून अलास्काला जाणारी सात दिवसांची क्रूझ आम्ही चौघांनी मूळ जून २०२०साठी ठरवली होती. ती रद्द झाल्यावर परतावा न घेता तेच पैसे या जुलैच्या सफरीकडे वळवले (तेव्हा तो शहाणपणा वाटला होता). आता उर्वरित रक्कम भरण्याची मुदत १२ एप्रिलला संपते आहे.

अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) ऑक्टोबर २०२०मध्ये कोविडमुळे क्रूझवर घातलेली सरसकट बंदी उठवून सशर्त परवानगीचा आदेश काढला असला, तरी त्यानुसार सध्या (२०२१च्या सुरुवातीला) प्रवासी घेण्याआधी जहाजांना चाचणी-सफरी करून प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्याहून मोठी अडचण कॅनडाची आहे : परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिएटलहून निघून तिथेच परतायचे असेल, तर अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यामुळे वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते, आणि कॅनडाने तर शंभरपेक्षा अधिक माणसांच्या क्रूझ जहाजांना २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत मनाई केली आहे. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराचा संध्याकाळचा थांबा अजूनही दिमाखात छापलेला आहे!

कंपनीला दोनदा फोन केला, ईमेलही पाठवला. ‘सफर अद्याप रद्द नाही’ एवढेच उत्तर मिळाले. प्रवास विम्यात महासाथ वगळलेली आहे. आम्ही स्वतः रद्द केले तर अनामत बुडते, कंपनीने केले तर पूर्ण परतावा मिळतो. तारीख पुन्हा पुढे ढकलणे आम्हाला शक्य नाही.

अशा स्थितीत कोणी उर्वरित रक्कम भरून कंपनीच्या रद्द करण्याची वाट पाहिली आहे का, आणि परतावा पुढच्या सफरीच्या क्रेडिटऐवजी रोख मिळायला प्रत्यक्षात किती आठवडे लागले?